स्टेपनीची हवा

नाडी पाहून प्रकृती ओळखणारे वैद्य जगात पुष्कळ असतील, पण टायर पाहून खुशाली विचारणारे एकटे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. उभा जन्म त्यांनी भामरागडच्या रस्त्यावर जीप चालवली. आता सावली गावी, रस्त्यालगतच्या घरात, हवा मोजायचं मीटर खिशात घालून, ओळखीची गाडी येण्याची वाट पाहत ते एकटे बसलेले असतात. मावशी गेल्याला तीन वर्षं झाली. भिंतीवर तिच्या फोटोशेजारी मासिकातून कापलेलं एका जर्मन गाडीचं चित्र आहे. चाळीसेक वर्षांपूर्वीची, वाळवंटातली शर्यत मारून आलेली ती गाडी काकाजींनी जन्मात पाहिली नाही. पण "चारी चाकं जोर लावत, खराब रस्ता आला का अंग उचले, अन् कोन्त्या चाकात हवा कमी हाय थे सोताच सांगे," हे तिचं कौतुक ऐकल्याशिवाय त्यांच्या अंगणातून कुणाची सुटका नाही. दोष एकच. "तिले स्टेपनीच नोती. पंक्चर झाली तरी धावे म्हणते. पण स्टेपनीबिगर घराबाहीर निंगाव काऊन?"

हवा मोजणं हे अर्थात निमित्त. पुढच्या डाव्या चाकाशी बसले की आईची तब्येत, उजव्याशी पोरांच्या परीक्षा, मागच्या दोन्हींत धानाची हालहवाल, आणि स्टेपनीशी फक्त मावशी. एकदा तर त्यांनी नवरदेवाची गाडी अडवली. मुहूर्त टळत चालला, वऱ्हाडी चिडले, तरी हे खाली बसलेलेच. "नवरी कुठी पळून राह्यली? टायर फुटला तं तूच राहशीन रस्त्यात!"

गेल्या महिन्यात मी नवी गाडी घेऊन गेलो. काकाजी मीटर घेऊन वाकले, तेवढ्यात मी शहाणपणा केला. गाडीतल्या पडद्यावर चारही चाकांची हवा दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. "आली बाप्पा! त्या जर्मन गाडीची विद्या आपल्या सावलीपर्यंत आली," म्हणताना त्यांचा चेहरा फुलला. मग मीटर त्यांनी हळूच खिशात ठेवलं. मला माझाच राग आला.

मी निघणार तोच ते खिडकीशी आले. "स्टेपनीची दाखवते काय थे?"

"नाही, काकाजी."

"पाह्य बरं!" म्हणत ते मागे गेलेसुद्धा. डिकी उघडून त्यांनी मीटर लावलं. "अर्धीच हाय. तुह्या मावशीनं तुले असं जाऊच देल्लं नसतं..." मग चहा झाला, मावशीच्या गोष्टी निघाल्या आणि माझं गडचिरोलीचं काम राहून गेलं.

तेव्हापासून सावलीला जाताना चारही चाकांत मी नीट हवा भरून घेतो. स्टेपनीत भरत नाही.