भोंगाबाईची तारीख

प्रेसशॉपमध्ये तिला सगळे भोंगाबाई म्हणायचे आणि तिला त्याचा राग नव्हता. पत्रा कापणाऱ्या आठ प्रेस एका छपराखाली धडधडत असताना जिचा आवाज शेवटच्या मशीनपर्यंत पोचतो, तिला दुसरं काय म्हणणार? सत्तावीस वर्षांत कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला. तिथली एक रीत मात्र हाडात मुरली होती. समोरच्याचं चुकतंय असं दिसलं, की हाताशी असेल त्या पत्र्यावर दोनदा थाप मारायची. म्हणजे थांब. जो थांबत नाही, त्याची बोटं जातात.

पाणीखात्याच्या खिडकीवर तिचं तेच झालं. नवरा गेल्यावर नळ स्वतःच्या नावावर करून घ्यायला ती तिसऱ्यांदा गेली होती. कारकुनाने अर्ज न वाचताच ‘जोडणी बंद’चा शिक्का उचलला. तिचा हात पत्र्याच्या काउंटरवर दोनदा पडला आणि तोंडून ‘थांबा’ निघालं, तेही शॉपमधल्या आवाजात. कारकून खुर्चीसकट मागे, चहा मांडीवर. मग शिपाई, मग पोलीस, मग कागद : सरकारी कचेरीत आरडाओरडा, शांतताभंग, कर्मचाऱ्याला धमकी.

आज केसची पहिली तारीख. कोर्टाबाहेरच्या बाकावर एका अंगाला जाऊ, दुसऱ्या अंगाला वकीलबाई आणि मधे ती धुमसत बसलेली.

“कबूल करून टाका,” वकीलबाई म्हणाल्या. “किरकोळ दंड होईल, पाच मिनिटांत मोकळ्या. नाही म्हणालात तर दीड वर्ष खेटे. आणि हरलात तर तीन महिने आतही जाल.”

“आणि सुपरवायझरची जागा?” जाऊ म्हणाली. “मॅनेजरने सांगितलंय ना जाऊबाई, दंड झाला तर चालेल, पण महिनाअखेर केस लोंबकळती नको.”

“मग मी धमकी दिली, असं लिहून देऊ?”

“हळू बोला.”

“हळूच बोलतेय.”

पलीकडच्या बाकावरच्या माना वळल्या. जाऊने कपाळाला हात लावला. “तुमचं हळू म्हणजे आमची दवंडी.”

कारकून भिंतीला टेकून उभा होता. त्याने नजर चुकवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन थापांनी तिने शॉपमध्ये किती जणांची बोटं वाचवली होती. त्यांतल्या एकानेही तिला कोर्टात उभं केलं नव्हतं.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी कागदातून डोकं न काढताच विचारलं, “आरोप मान्य?”

“हात आपटला, मान्य. ओरडले, मान्य. धमकी दिली नाही.”

“आवाज खाली.”

“साहेब, याच्याखाली माझं मलाच ऐकू येत नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी आता मान वर केली. “सगळं मान्य करा, नाहीतर अमान्य म्हणा. अर्धंमुर्धं चालणार नाही.”

वकीलबाईंनी बाही ओढली. तिच्या डोळ्यांपुढे सुपरवायझरची काचेची खोली आली. दार लावलं की आवाज निम्मा होतो आणि बसायला खुर्ची असते. गेली सात वर्षं, गुडघे ठणकायला लागल्यापासून, ती त्या खुर्चीकडे बघत होती.

“अमान्य,” ती म्हणाली.

दोन महिन्यांनंतरची तारीख पडली.

जिन्याशी आल्यावर जाऊ म्हणाली, “गेली ना खुर्ची?”

“गेली.”

“गुडघे काय माझे दुखतात?”

“माझेच दुखतात. पण न केलेलं कबूल करून मिळालेल्या खुर्चीत मला बसवलं नसतं.”

मागून कारकून आला आणि पायरीवर अडखळला. “बाई, मिटवायचं होतं हो आजच,” तो पुटपुटला. “आता मला साक्षीला यावं लागणार. दर तारखेला रजा टाकायची म्हणजे...”

“टाका,” ती म्हणाली, आणि फाटकावरच्या पोलिसानेही वळून पाहिलं. “मलाही टाकावी लागते.”