धुतलेलं कोकरू

शाळेत तेव्हा आम्हाला साम्य आणि फरक यांचे तक्ते करायला लावत. मी त्यात हुशार होते. त्याच हुशारीने घात केला.

चोरीला गेलेली आमची मेंढी तिसऱ्या दिवशी चिटगुप्प्याच्या बाजारात, एका व्यापाऱ्याच्या कळपात सापडली. म्हणजे अप्पांना सापडली. मला सगळ्या काळतोंड्या मेंढ्या सारख्याच दिसत होत्या. आमचा मोठा कळप तोवर चार मेंढरांवर आला होता. चौघींच्या कानाला काप कशाला द्यायचा, म्हणून अप्पांनी खूणच केली नव्हती. घरी तिचं कोकरू बाटली तोंडात धरत नव्हतं. ती परत आली नाही तर ते जगणार नव्हतं.

"कशावरनं तुमची?" बाजारातल्या जाणत्या म्हाताऱ्याने विचारलं.

"मान वाकडी करून बघती. तिची आईबी तशीच बघायची," अप्पा म्हणाले. लोक हसले.

म्हातारा म्हणाला, "कोकरू आणा. तिनं जवळ घेतलं तर तुमची."

"दुपारी टेम्पो जायलाय हैदराबादला," व्यापाऱ्याने बजावलं.

मी गावाकडे पळाले. मेंढीच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका होता, तसाच कोकराच्याही. पण तो शेणामातीने झाकला होता. साम्य दिसायला हवं, असं मला वाटलं. पुण्याला बांधकामावर गेलेल्या काकांनी गुलाबी वासाचा साबण आणला होता. त्याने मी कोकरू लख्ख धुतलं.

बाजारात सोडताच ते तिच्याकडे धावलं. तिने शेपटीपाशी हुंगलं, मागे सरली आणि ढुशी दिली. तिसऱ्या ढुशीला ते पडलं.

"कोकरू कुणालाबी लुचतंय. आईनं घ्यावं लागतंय," म्हातारा म्हणाला.

अप्पांनी कोकरू उचललं. त्यांच्या नाकाशी वास आला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं साबणानं धुतलंय ओ त्याला. त्याचा वास गेलाय," ते लोकांना म्हणाले.

"आता कायबी सांगायलास," व्यापारी म्हणाला.

मी रडत ठिपका दाखवला. म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच कळपातल्या तसल्याच ठिपक्याच्या आणखी तीन मेंढ्या दाखवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेम्पो सुरू झाला तसं अप्पांच्या खांद्यावरचं कोकरू ओरडलं. टेम्पोतून लगेच ओ आली. पुन्हा हे ओरडलं, पुन्हा तिने ओ दिली. तिथवर साबणाचा वास पोचत नव्हता, नुसता आवाज पोचत होता.

"वळखलं बघ तिनं," अप्पा हळूच म्हणाले.

तोवर टेम्पो हैदराबादच्या रस्त्याला लागला होता.