चौथी प्रत आधी

बाबांचा फोन आला तेव्हा मी सक्करदऱ्याला छपाईच्या एका दुकानात उभी होते, हातात सफाई कामगारांच्या पत्रकाचा मजकूर होता. बाबा आयुष्यभर पत्रकं लिहीत आले. त्यांनी एक वाक्य सुरू केलं की ते सरकारपासून वस्तीतल्या नळापर्यंत सगळ्यांना जाब विचारूनच थांबतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "शशी गेली वं बाई…" आणि पुढे वाक्यच आलं नाही. शशिकला म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. सकाळी कामावर निघताना चप्पल घालायला खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. नंदनवनला तिच्या घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग होता आणि आत न मावलेली माणसं गल्लीत उभी होती. पतसंस्थेतल्या बायका, औषधांच्या ठोक दुकानातले कारकून, ट्रक तोलणाऱ्या धर्मकाट्यांवरचे मुन्शी. शेजारची एक बाई मला हळूच म्हणाली, "शशीचे एवढे पाव्हणे कोठचे वं?" पाहुणे नव्हते ते. त्यांचे प्रिंटर आत्या दुरुस्त करायची.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल 'साधी, अबोल, कष्टाळू' असं लिहायची रीत आहे. आत्या यातली फक्त कष्टाळू होती. ती बोलायला लागली की समोरच्याला पाणी मागायलाही फट मिळत नसे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं आणि दारावरच्या पाटीवर स्वतःचं नाव तिने दुकानाच्या कामापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं. पाटीच्या तळाशी लिहिलं होतं, 'येथे वाद घालू नये.' हा नियम गिऱ्हाइकांपुरता होता. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून तिने एका कंपनीत काही वर्षं नोकरी केली. तिथे साहेब मशीन पुरुष मेकॅनिकच्या पुढ्यात ठेवायचा आणि हिच्या पुढ्यात पावती बुक. एके दिवशी तिने ते पावती बुक त्याच्याच टेबलावर ठेवलं आणि घरी आली. पुढचं सगळं आयुष्य रिबनवर पिना आपटून छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या संगतीत गेलं. त्या कर्कश, जाड, बिनदिखाऊ मशीनला लोक जुनाट म्हणत आणि तिला ते खपत नसे. "जुनाट नाही गा, मार खाऊन टिकलेलं म्हण," ती सांगायची.

तिचं फोनवरचं बोलणं ऐकणं हा माझ्या लहानपणीचा करमणुकीचा कार्यक्रम होता. पलीकडचा म्हणायचा, प्रिंटर खराब झाला. आत्या म्हणायची, "खराब म्हणजे काय? ताप आला का पोट बिघडलं?" मग एकेक प्रश्न. अक्षरं फिकी येतात? आधी रिबन पाहा, फिरते आहे की एकाच जागी अडकून मार खाते आहे. अक्षरांमधून पांढरी रेघ जाते? हेडमधली एक पिन मेली किंवा जाम झाली. कागद तिरका चालतो? दोन्ही बाजूंच्या दात्यांत कागदाची भोकं सारखी बसवली नाहीत, एकीकडे एक भोक पुढे गेलंय. भलतीच चिन्हं छापतं? एक बटण दाबून धर आणि मशीन चालू कर. मग मशीन कॉम्प्युटरशिवाय स्वतःच अक्षरं छापते. अक्षरं नीट आली तर मशीन निर्दोष, तुझी वायर ढिली. अर्ध्या लोकांचं काम फोनवरच व्हायचं आणि त्याचा तिला अभिमान होता. चिडायची ती फक्त एका चुकीवर. रिबन सुकली की आपल्याकडचे लोक तिच्यावर स्टॅम्प पॅडची शाई ओततात. दोन दिवस छपाई काळीभोर येते, मग ती शाई पिनांच्या भोकांत चिकट होऊन बसते. असं हेड समोर आलं की आत्या ते स्पिरिटमध्ये बुडवायची आणि मालकाला म्हणायची, "आता बसा. तुमच्या बुद्धीले बी थोडं बुडवून ठेवा."

आमच्या घराशी तिचं भांडण वेगळं होतं. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी आहे. बाबांच्या संघटनेकडे हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि त्याची स्टेन्सिल बाबा आत्याच्या प्रिंटरवर कापत. रिबन काढून टाकायची, मेणाचा स्टेन्सिल कागद घालायचा, की उघड्या पिना मेणात अक्षरं टोचत जातात. अक्षरं सुरेख यायची आणि मेण पिनांना चिकटून राहायचं. "दादा, तुह्या क्रांतीनं माह्या पिना जाम केल्या," आत्या ओरडायची. बाबा शांतपणे म्हणायचे, "क्रांतीत काही ना काही जाम होतेच." "मंग साफ कराले बी क्रांतीलेच बोलाव," आत्या म्हणायची आणि ब्रश घेऊन बसायची. पत्रक वाचून त्यातल्या चुकाही तीच काढायची. बाबांचं सगळ्यात आवडतं विशेषण तिने कापलं की घरात दोन दिवस अबोला असायचा.

तिच्या कामाची एक रीत मात्र मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. दुरुस्ती झाली की लोक छापलेला कागद वरून पाहतात. आत्या चार प्रतींचा कागद घालायची, छापून झाला की खालचं टोक उचलून सगळ्यात शेवटची, पिवळी प्रत आधी पाहायची. वरची ती पाहतच नसे. तिचं म्हणणं असं, की रिबनची शाई फक्त वरच्या कागदाला लागते. नवी रिबन टाकली की मालकाची प्रत काळीभोर दिसते आणि सगळे म्हणतात मशीन ठीक आहे. खालच्या प्रती कार्बनवर उमटतात, त्यांना लागतो पिनेचा मार. मार तिथपर्यंत पोचतो की नाही, हे चौथ्या प्रतीशिवाय कळत नाही. आणि चौथी प्रत कोणाच्या हातात जाते, हे तिला पक्कं माहीत होतं.

एका गोदामाच्या धर्मकाट्यावर ही चौथी प्रत हमालांच्या टोळीला जायची. ट्रक काट्यावर चढला की मालाचं वजन आणि पोत्यांची संख्या पावतीवर छापली जायची. टोळीचे मुकादम नामदेवभाऊ भागाकार करून पाहायचे. पोतं पन्नास किलोच्या वर असेल तर पाठीवर घ्यायचं नाही, हे टोळीचं ठरलेलं होतं. कमरेतून गेलेली माणसं त्यांनी घरोघरी पाहिली होती. पण कितीतरी महिने टोळीच्या हाती येणारी पिवळी प्रत जवळजवळ कोरी यायची. आत्या वार्षिक देखभालीसाठी तिथे गेली आणि तिने खालचं टोक उचललं. मुन्शीने हेड मागे सारायची लिव्हर शेवटच्या खाचेत नेऊन ठेवली होती. हेड कागदापासून लांब गेलं की खडखड कमी होते, मॅनेजरला फोनवर बोलता येतं. आत्याने लिव्हर जागेवर आणली. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आफिस कॉपी मस्त येऊन राहिली ना, मंग तुम्हाले काय करायचं हाय?" आत्या म्हणाली, "मशीन चार कॉपीची हाय, भाऊ. एका कॉपीची असती तर मी बी एक चतुर्थांशच आली असती."

पुढच्या खेपेला लिव्हर पुन्हा मागे होती. तिने पुन्हा पुढे आणली, आणि या वेळी नामदेवभाऊंना बोलावून खाच दाखवली. मॅनेजरला ते झोंबलं. त्याने आत्याचं काम बंद केलं आणि बिनआवाजाचा नवा प्रिंटर आणला. एक कागद घातला की एक प्रत, टोळीने मोबाइलवर फोटो काढून घ्यावा म्हणे. फोटो काढायला मॅनेजरच्या केबिनमध्ये जावं लागणार होतं आणि केबिनला दार होतं. टोळीने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, हातात प्रत नाही तर पाठीवर पोतं नाही. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. बाबांनी त्यावर पत्रक लिहिलं. आत्याने त्यातलं निम्मं कापलं आणि वर एकच ओळ ठेवली, 'आमची प्रत आम्हाला वाचता आली पाहिजे.' आजपर्यंत आमच्या घरातून निघालेलं ते सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जबर पत्रक आहे. खडखडणारी मशीन परत टेबलावर आली आणि आत्यालाही परत बोलावणं आलं. ती गेली तेव्हा मॅनेजरला म्हणाली, "कानात कापूस घाला, चांगला मिळते आपल्याकडं."

आत्या वारल्यानंतर काही आठवड्यांनी नामदेवभाऊ आमच्या घरी आले. पाणी प्यायले, बाबांशी दोन शब्द बोलले आणि खिशातून पिवळा कागद काढून माझ्यासमोर धरला. "तायी, चौथी कॉपी पुन्हा तशीच येऊन राहिली. लिव्हर तं जागेवर हाय, मी रोज पाहतो. मॅनेजर म्हणते आता दुरुस्त करनारं कोनी उरलं नाही, मशीनच बदलू." बाबा माझ्याकडे पाहत होते. शब्द त्यांच्याकडे भरपूर होते, पण या कामाला ते उपयोगाचे नव्हते. मी आत्याच्या खोलीची किल्ली घेतली.

खोलीत स्पिरिटचा वास अजून होता. मेलेल्या मशीन ती भंगारात देत नसे. त्यांचे अवयव काढून फळीवर ठेवायची, डब्यांवर तिच्या तिरक्या अक्षरात नावं. मी हत्यारं, एक हेड आणि एक चांगला रबरी रूळ उचलला. खूप वर्षं तिच्या शेजारी बसून पाहिलेलं होतं, आणि पाहणं हेही शिकणंच असतं असं मी ठामपणे मानते. धर्मकाट्यावर मुन्शीने मशीन दाखवली. नवी रिबन, वरची प्रत काळीभोर. पिना धडधाकट होत्या. मी कागदामागच्या रबरी रुळावरून बोट फिरवलं आणि ते मधोमध खोलगट भागात गेलं. वर्षानुवर्षं एकाच जागी मार खाऊन रूळ झिजला होता. पिन मारायची आणि कागद मागे दबायचा, मार खालच्या प्रतीपर्यंत पोचतच नसे. रूळ बदलायला मला आत्याच्या दुप्पट वेळ लागला. मॅनेजर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला.

मशीन लावली तेव्हा काट्यावर एक भरलेला ट्रक उभा होता. खडखड सुरू झाली, पावती निघाली. मी खालचं टोक उचललं. पिवळ्या कागदावर आकडे उभे होते. मी तो फाडून नामदेवभाऊंना दिला. त्यांनी चष्मा लावला, तळहातावर पेनाने भागाकार केला आणि टोळीकडे वळून शांतपणे सांगितलं, "पन्नासच्या वर हाय गा. बसा."

टोळी शेडच्या सावलीत जाऊन बसली. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही मशीन दुरुस्त कराले आल्या होत्या ना?"

"झाली ना," मी म्हटलं.

तो व्यापाऱ्याला फोन लावत आत गेला. दार त्याने लावून घेतलं, पण खडखड आत जातच असणार… ट्रक मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी दुसरा काट्यावर चढला. त्याची पावती छापून निघाली तेव्हा मुन्शीने हात पुढे केला आणि सवयीने वरचा कागद धरला. मग माझ्याकडे पाहून तो थांबला, आणि त्याने खालचं टोक उचललं.