जिया-चोउ नावाचं वर्ष

आमच्या कुळातली झान शुयिन अकरा वर्षांची असताना कुळप्रमुख बोचेंगने तिच्या बापाचा चहाच्या झुडपांचा डोंगरउतार हिसकावला. पूर्वजांच्या देवळात त्याने सगळ्यांदेखत एक पिवळा कागद वाचला. त्याच्या पणजोबाने जिया-चोउ वर्षी तो उतार विकत घेतला होता म्हणे. शुयिनच्या बापाला अक्षरओळख नव्हती आणि वाचता येणारे दोघे बोचेंगचेच मिंधे. त्या हिवाळ्यात बाप चुनखडीच्या खाणीवर गेला आणि दरडीखाली मेला.

कागदाचा शब्द न् शब्द शुयिनच्या डोक्यात राहिला. पुढे ती थांग नावाच्या आंधळ्या ज्योतिष्याकडे स्वयंपाकाला लागली. तो बोटांच्या पेरांवर वर्षं मोजायचा. एकोणीस वर्षांची असताना तिने विचारलं, "आजोबा, जिया-चोउ वर्ष कधी होतं?"

"कधीच नाही, पोरी. एका रांगेत दहा नावं, दुसरीत बारा. दोन्ही रांगा दरवर्षी एकेक पाऊल सरकतात. म्हणून पहिलं, तिसरं, पाचवं यांची जोडी आपसातच जमते, आणि दुसऱ्या-चौथ्यांची त्यांच्यात. साठ वर्षांनी पहिली जोडी फिरून येते. जिया पहिलं, चोउ दुसरं. ती दोघं जन्मात भेटायची नाहीत."

कागद खोटा होता. दुसऱ्याच दिवशी ती कचेरीत जाऊ शकली असती. पण बोचेंग तेव्हा बावन्न वर्षांचा होता, आणि तिला त्याची साठी हवी होती.

आठ वर्षं ती दर नववर्षाला त्याच्या पाया पडली. "काका, खूप जगा," म्हणायची, आणि ते मनापासून असायचं. त्याला ताप आला तेव्हा तिने आल्याचा काढा करून पाठवला.

बोचेंगच्या जन्मवर्षाचं नाव फिरून आलं, तेव्हा चार गावं साठीच्या शेवया खायला जमली. व्याही आले, कचेरीतले लोक आले. शुयिन पुढे झाली.

"काका, आजच्या दिवशी पणजोबांचा कागद सगळ्यांना ऐकवा की."

बोचेंगला दारू चढली होती. त्याने कागद आणवला आणि परगावच्या मास्तरांच्या हातात दिला. मास्तर वाचता वाचता थांबले.

"वाचा ना, गुरुजी," शुयिन म्हणाली.

"काय वाचू, बाई? असं वर्षच नसतं."

पंगतीत शेवया उचलणाऱ्या काड्या थांबल्या.

"माझा बाप मेला ते वर्ष मात्र खरं आहे," ती म्हणाली. "सांगू का, काका?"

उतार परत मिळाला, बोचेंगचं प्रमुखपद गेलं. वर्षभराने तो तिच्या दारात आला. "शुयिन, बाहेर पडवत नाही गं. पोरं मागून 'जिया-चोउ' ओरडतात. कोण शिकवतं त्यांना?"

"मी."

तो लेकीच्या गावी गेला आणि तिथेच वारला.

मी शुयिनच्या उतारावर पानं खुडायला जाते. एकदा तिला विचारलं, समाधान झालं का?

"घाई केली मी," ती म्हणाली. "त्याचा नातू सरकारी परीक्षेला बसणार होता. तो पास झाला असता तर पंगत आणखी मोठी झाली असती."