लिंबाचे ठिपके

माझ्या आत्याच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळायची नाही. कलेक्टर आला असता तरी तिने त्याला शहाबादी फरशीवरच बसवलं असतं. शेवगावच्या उन्हातून आम्ही होरपळून आलो की म्हणायची, "आदी खाली टेका. हिच्यापुढं तुमचा कूलर काय करतोय!" आणि खरंच, त्या निळसर, गार दगडावर पाठ टेकली की उठायचं नावच नको.

ऊसतोडीला जाऊन-येऊन, एकेक खोली करत आत्या-आतोबांनी ती फरशी बसवली होती. आत्या तिला सणासुदीला तेलाचा हात लावायची. फक्त चुलीसमोरच्या एका फरशीवर पांढुरके ठिपके होते. आतोबांना जेवणात लिंबू लागायचंच, आणि पिळायचे ते अर्धं ताटात, अर्धं खाली. लिंबाचा रस ह्या दगडाला खातो; ठिपका उमटला की जन्माचा. "अवो, फरशी नासली की माजी!" आत्या रोज भांडायची. आतोबा हसून पुन्हा पिळायचे.

आतोबा गेले आणि ते भांडणही गेलं. आत्या ताट घेऊन त्या ठिपक्यांसमोर बसू लागली. शेजारीण एकदा म्हणाली, घासून काढून देते. आत्या उसळलीच, "हात लावून तर बग! तेवडंच ऱ्हायलंय त्यांचं."

तिच्या मुलाने, बाळूदादाने, टाईल्सचा टेम्पो दारात उभा केला तेव्हा मात्र ती नको म्हणाली नाही. पोराची हौस तिला मोडवेना. मिस्त्रीजवळ बसून एवढंच म्हणाली, "बाकी समदं फोड बाबा, येवडी एक सबंद काड."

"आजी, ग्यारंटी न्हाई," मिस्त्री म्हणाला.

पहार लागली, कोपरा तुटला. ठिपके वाचले. आत्या हमसून हमसून रडली. बाई गं, तिला तसं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

ती फरशी परसात लिंबाऱ्याखाली, कडुलिंबाच्या सावलीत टाकली. तेव्हापासून आत्या तिथंच जेवायची. "आत पाय घसरतोय," म्हणायची. खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा आत्याही गेली. तेराव्यानंतर मी परसात त्याच फरशीपाशी जेवायला बसले. वरणभातावर लिंबू पिळलं आणि एक थेंब खाली पडला. दादा सवयीने फडकं घेऊन धावला.

"राहू दे रे," मी म्हटलं.

तो थांबला. आपलं ताट घेऊन शेजारी टेकला आणि लिंबाची फोड पिळू लागला, अर्धी ताटात, अर्धी खाली.