आजोबांनी शिकवलेली व्हायोलिनं

बाळांनो, फोनवर तुम्ही दोघं दर वेळी म्हणता, "आजोबा, व्हायोलिन वाजवा ना." ते हसतात आणि फोन माझ्या हातात देतात. का, ते नीट सांगायचं म्हणून लिहिते आहे. तुमची आई हे वाचून दाखवेल.

इथे हैदराबादला, जामबागेत आमच्या मराठी मंडळाचा गणपतीत गाण्यांचा कार्यक्रम असतो. त्यात पूर्वी तीन व्हायोलिनं होती. एक वादक वारले, दुसरे मुलाकडे बंगळूरला गेले. उरले तुमचे आजोबा. गाण्यामागचा तीन माणसांचा भरणा एकट्याने कसा होणार? म्हणून मंडळाने कीबोर्डवाला बोलावला. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला, तिशीतला इंजिनियर. कीबोर्डला तो लॅपटॉप जोडायचा, आणि लॅपटॉपमधून व्हायोलिनांचा अख्खा ताफा निघायचा.

पहिल्याच तालमीत एका संथ गाण्यात आजोबांचा उजवा हात थरथरला. लांब सूर ओढताना गज तारेवर उड्या मारू लागला. आमचे तबलजी इथलेच, जुन्या हैदराबादी घरातले. ते म्हणाले, "हौ साहेब, होतं असं. कैकू टेन्शन घेता? गणपतीला सगळं चालतं." पुढच्या वेळी कीबोर्डवाल्याने त्याच जागी आपला सूर हळूच वाढवला आणि थरथर झाकली. आजोबांना ते कळलं. त्यांना राग आला नाही, उलट त्यांनी त्याला मलकपेठला घरी बोलावलं.

मग तो दर रविवारी लॅपटॉप घेऊन यायला लागला. आजोबांचा हिशोब सरळ होता. मागचा भरणा यंत्राने नीट दिला की पुढची एक ओळ आपण धरू शकू. तेवढी एक ओळ त्यांना हवी होती.

मी चहा घेऊन गेले की ऐकू यायचं.

"पाचही बोटं कशाला दाबतोस? एवढी व्हायोलिनं आपल्याकडे कधी होती? हार्मोनियम वाटतंय."

"मग काका, दोनच सूर?"

"दोनच. आणि बोट ठेक्याच्या किंचित आधी ठेव. तुझा हा सूर फुलायला वेळ घेतो. वेळेवर दाबलास तर उशिरा पोचतो."

गज जिथे उलटा फिरतो तिथे आवाज जरासा बसतो, तसा पायातल्या पेडलने तो बसवायचा, हेही त्यांनी शिकवलं. तो हुशार होता. गणपती जवळ आले तोवर स्वयंपाकघरात मला कळेनासं झालं, आत्ता वाजतंय ते आजोबांचं की त्याचं. थरथर ऐकू आली की समजायचं.

कार्यक्रमाच्या आधी मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. यंदा काकांचा सत्कार करायचा आहे. मी विचारलं, "पण वाजवायचं आहे ना त्यांना?" ते म्हणाले, "काकू, आधी सत्कार तर होऊ द्या."

आपल्या लोकांत वडीलधाऱ्या माणसाला 'आता थांबा' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. शाल देतात, नारळ देतात, चार चांगले शब्द बोलतात. आजोबा स्वतः कितीतरी सत्कारांना टाळ्या वाजवून आलेले. तरी आपल्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही. व्हायोलिन सुरात लावून, व्हायोलिनची पेटी विंगेत ठेवून ते शाल घ्यायला गेले. निवेदिका म्हणाली, "आणि आता काका पहिल्या रांगेत बसून आपल्या शिष्याचं वादन ऐकतील." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रंगमंचावर त्यांची खुर्चीच मांडलेली नव्हती.

ते माझ्या शेजारी येऊन बसले, मांडीवर नारळ. संथ गाणं सुरू झालं. ती एक ओळ लॅपटॉपमधून आली, अगदी त्यांच्या वळणाची, कुठेही न थरथरता. कीबोर्डवाला मान वर करून आमच्याकडे बघत नव्हता.

रिक्षात आजोबा म्हणाले, "दुसऱ्या कडव्याआधी ऐकलंस? माझ्यासारखाच ओढला त्याने."

"हो."

"चूक काढायला जागा नाही."

नंतर बरेच दिवस पेटी उघडली नाही. एकदा मी म्हटलं, "अहो, घरी तरी वाजवत जा."

"अगं, आयुष्यभर मी साथ केली. एकट्याने कधी वाजवलं? इथे कुणाला साथ करू, फ्रिजला?"

म्हणून तुमचं "वाजवा ना" आलं की फोन माझ्या हातात येतो.