गप्प बसलेली खोली

आमच्या आईला पुस्तक ऐकवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. काचबिंदूने तिचे डोळे नेले, पण जीभ शाबूत ठेवली. अंधांसाठी पुस्तकांचं रेकॉर्डिंग करणारं एक ग्रंथालय आहे, तिथून तिला एका छोट्या यंत्रात पुस्तकं भरून मिळतात. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून ऐकते आणि एकूणएक वाचकाला नावं ठेवते. एक बाई नाकातून वाचतात. एक गृहस्थ खून झाला तरी बाजारभाव सांगितल्यासारखे वाचतात. आणखी एक आहेत, ते परिच्छेद संपला की सुस्कारा सोडतात. "एवढं दमायला होतं तर वाचावं कशाला माणसाने?" आई विचारते. उत्तराची वाट बघत नाही.

ही गोष्ट मात्र आईची नाही, माझ्या वहिनींची आहे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या पडदे शिवतात. मी वरच्या मजल्यावर राहतो, विमा विकतो, म्हणजे बोलण्याचं काम माझं. पण आवाज द्यायच्या वेळी देवाने पत्ता चुकवला आणि तो वहिनींना दिला. तोंडात टाचण्या धरून त्या दोन शब्द बोलल्या तरी प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. रोज सकाळी त्या आईला वर्तमानपत्र वाचून दाखवतात, अगदी टेंडरच्या जाहिरातींसकट. आईने त्यांना आजवर "छान" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. "बरं आहे" ही आमच्या आईची शिखरावरची पदवी, आणि तीही फक्त आमटीला मिळते. "मला नाही हो काही वाटत," वहिनी म्हणतात. माझा नाही विश्वास.

डोळे जात होते त्या दिवसांत आई एक जाडजूड कादंबरी वाचत होती. बर्फात अडकलेलं जहाज, त्यावरची माणसं आणि त्यातला एक तापट आचारी. भिंग धरून, नाक पानाला टेकवून तिने अर्धं पुस्तक रेटलं आणि मग अक्षरंच दिसेनाशी झाली. खूण म्हणून घातलेली पडद्याच्या कापडाची चिंधी अजून त्याच पानात आहे. आचारी जगतो की मरतो हे तिला कळायला हवं आहे, आणि ते तिला कुणी सांगायचं नाही. दादा एकदा सांगायला गेला तर तिने त्याच्याशी अबोला धरला.

मग वहिनींनी समोर बसून वाचून दाखवावं, असं तुम्ही म्हणाल. तेही करून झालं. वाचायला बसलं की बेल वाजायची, गिऱ्हाईक यायचं, दूध उतू जायचं. आणि सगळं शांत झालं की आईचा डोळा लागलेला असायचा. शेवटी तीच म्हणाली, "तुझ्या सवडीने ऐकायचं म्हणजे दुसऱ्याच्या हाताने जेवल्यासारखं वाटतं गं. मला माझ्या सवडीने हवंय. वाटलं तर ऐकीन, वाटलं तर बंद करीन." थोडक्यात, ते पुस्तक तिला तिच्या यंत्रात हवं होतं.

ग्रंथालयाकडे ते नव्हतं. कुणी घरून वाचून देणार असेल तर नमुना पाठवा, म्हणाले. वहिनींनी शिवणाच्या खोलीत बसून पहिली काही पानं वाचली आणि पाठवली. तिथल्या बाईंचा फोन आला. "आवाज फार चांगला आहे हो तुमचा, पण खोली घुमते. आमचे बरेच ऐकणारे वयस्कर आहेत, कानात यंत्र असतं. घुमलं की त्यांना शब्द एकमेकांवर चढल्यासारखे ऐकू येतात. सुधारून पाठवा. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर दुसरे एक वाचक तयार आहेत."

दुसरे वाचक कोण, तर सुस्कारेवाले.

हे ऐकल्यावर आई खुर्चीत ताठ बसली. तिच्याही कानात यंत्र आहेच. "तो बाबा उसासे टाकून टाकून माझं जहाज बुडवील," ती म्हणाली. त्या दिवशी वहिनींनी एका पडद्याची दुमड दोनदा उसवली, तेव्हाच मी ओळखलं की हे पुस्तक त्यांना स्वतःलाच वाचायचं आहे, कुणालाही द्यायचं नाही.

आता घरात आवाजाचे तज्ज्ञ उगवले. दादा बेकरीत कामाला आहे. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावले की आवाज बंद. बेकरीत ट्रेंचा काय तुटवडा! तो रोज सायकलला ट्रेंची चवड बांधून आणायचा आणि रविवारी शिडीवर चढून चिकटवायचा. खोली दिसायला कोंबड्यांच्या खुराड्यासारखी झाली, वासही तसाच. मी टाळ्या वाजवल्या. आईने पण वाजवली, एकच, खणखणीत. मग मान वाकडी करून ऐकत राहिली.

"खोली बोलतेय अजून," ती म्हणाली. "आणि मुंग्यांची सोय केलीत ती वेगळीच."

ट्रे निघाले, भिंतीचा रंग घेऊन निघाले. मग मी आणि वहिनी आवाजाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे कोनांचे उंचवटे असलेले फोमचे चौकोन मांडले होते, रंगीत, ऐटदार. वहिनींनी एक चौकोन अंगठा आणि बोटात धरून दाबला. कापड बघताना दाबतात तसाच. "अहो, हा तर उशीतला स्पंज. जरा जास्त शिकलेला."

दुकानदार मोकळा हसला. माणूस सरळ होता. त्याने सांगितलं, पातळ फोम फक्त वरचे, टोकदार आवाज गिळतो. बोलण्यातला घुमारा त्याला भारी जातो. त्यासाठी जाड काहीतरी हवं. त्याने दगड वितळवून काढलेल्या लोकरीचे जाड चौकोन दाखवले. वहिनींनी हात लावला आणि घरी पोहोचेपर्यंत मनगट खाजवत राहिल्या. सगळी खोली त्याने मढवायची म्हटल्यावर किंमत ऐकून मी घसा साफ केला. दुकानदार म्हणाला, "सगळीकडे लागत नाही हो. कोपऱ्यांत हे लावा, बाकी भिंतींना जाड कापड सोडा, भिंतीपासून जरा सुटं. पण एक लक्षात ठेवा, याने खोलीतला घुमारा जाईल. बाहेरचा आवाज आत यायचा थांबणार नाही. ते काम वेगळं आणि खर्च वेगळा." कडा मोडलेले चार चौकोन त्याने कोपऱ्यातून काढून स्वस्तात दिले.

जाड कापड म्हटल्यावर वहिनींचा चेहरा खुलला. हा तर काखेत कळसा नि गावाला वळसा! शिवणाच्या खोलीत ताग्यांचे उरलेले तुकडे पडून होतेच. त्यांनी लोकरीच्या चौकोनांना जुन्या चादरींचे अभ्रे शिवले, म्हणजे खाज बाहेर यायला नको, आणि ते कोपऱ्यांत उभे केले. मग तीन भिंतींना पडदे. कापड नेमकं भिंतीएवढं, वर-खाली पट्टी ठोकून ताणलेलं, एक सुरकुती शोधून सापडायची नाही. वहिनींची ती सवयच आहे. इस्त्री न केलेला रुमालही त्या पाहुण्यापुढे ठेवणार नाहीत.

आई भिंतीवरून हात फिरवत आली. "कॅरमचा बोर्ड झालाय," म्हणाली. टाळी वाजवली. "कमी झालंय. पण बोलतेय."

वहिनींनी तिचं ऐकलं नाही. उत्साहात दुसरा नमुना पाठवला. दोन दिवसांनी फोन आला. आधीपेक्षा बरं आहे, पण अजून घुमतं. आठवडा हातात आहे.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा वहिनी मशीनवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, सांगून टाकू का त्यांना? देऊ दे त्या दुसऱ्यांना. मी काय, पडदे शिवणारी बाई." मला इतका राग आला की विचारू नका. वहिनींचा नाही, त्या भिंतींचा. पण भिंतीवर ओरडून काय होणार? ती ओरडणं तेवढं परत करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई पडद्यांची ऑर्डर द्यायला आल्या. मी आईची औषधं द्यायला खाली आलो होतो. त्या बाईंना कापडात काटकसर करायची होती. खिडकी जेवढी रुंद, तेवढंच कापड घ्या म्हणाल्या. झालं! वहिनींच्या अंगात त्यांचा धंदा संचारला.

"अहो ताई, खिडकीएवढंच कापड लावलं तर तो पडदा नाही, वाळत घातलेली चादर झाली! दुप्पट कापड घ्यावंच लागतं. चुण्या पडायला हव्यात, भरदार. आणि दांडी भिंतीपासून चार बोटं पुढे. पडदा भिंतीला चिकटला की मेला. त्याला हलायला जागा पाहिजे, आत हवा पाहिजे. चुण्यांमध्येच तर सगळं मुरतं, ऊन म्हणा, धूळ म्हणा..."

"आणि आवाज?" आतून आईचा खणखणीत प्रश्न आला.

वहिनींची मान शिवणाच्या खोलीकडे वळली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," आई आतूनच म्हणाली. "गिऱ्हाइकाला दुप्पट कापड, आणि स्वतःच्या खोलीत चादर वाळत घातलीस! हात लावला तेव्हाच वाटलं होतं मला. ताणलेल्या कापडाला काय कान असतात?"

वहिनींनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. त्या बाईंना काहीच कळलं नाही, पण वहिनींना एवढं हसताना बघून त्यांनीही दुप्पट कापड घेतलं. इतकी वर्षं प्रत्येक घरी हेच सांगणाऱ्या माणसाने घरच्या भिंतीपुढे कात्री आवरती घेतली, याचं मला पुढे फार आश्चर्य वाटलं नाही. परक्याच्या खिडकीसाठी हात सैल आणि स्वतःसाठी आखडता, हे आमच्या वहिनींचं सगळ्याच बाबतीत आहे. चपात्यांतलीही करपलेली त्यांच्याच ताटात जाते.

पट्ट्या उखडल्या, चार बोटं पुढे दांड्या बसवल्या. दादाने ट्रेंचं प्रायश्चित्त म्हणून सगळी भोकं स्वतः पाडली. कापडाला चुण्या घातल्या तसं ते आक्रसलं आणि तिसरी भिंत उघडी पडली. शिल्लक तुकडेही त्यातच संपले होते.

तेव्हा आई उठली. चाचपडत तिच्या लोखंडी पेटीपाशी गेली आणि तळातून एक जड गठ्ठा ओढून काढला. मखमली, काळपट लाल, दोन मोठे पडदे. वहिनी बघतच राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्यावर त्यांनी शिवलेले ते पहिले पडदे होते. आईने तेव्हा "काठ वाकडा आहे" म्हणून ते लावूच दिले नव्हते. वहिनींना वाटलं होतं, कधीच बोहारणीला गेले असतील.

"ठेवलेत तुम्ही?" वहिनींनी मखमलीवरून हात फिरवला.

"कापड चांगलं होतं," आई म्हणाली. बोटांनी कडा चाचपली. "काठ वाकडाच आहे."

तिसरी भिंत झाकली. खिडकीत जुनी गादी दुमडून ठासली. घराखाली तळमजल्यावर वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, त्याचा आवाज काही त्याने पुरता अडला नाही. दुकानदाराने सांगितलं होतंच. मग वहिनी खाली गेल्या आणि मिस्त्रींना जेवणाची सुट्टी कधी असते ते विचारून आल्या. फुकटात याहून चांगला आवाजबंद मिळत नाही.

आईने खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. तिच्यामागे काहीच आलं नाही. आई जरा थांबली, पुन्हा वाजवली.

"बसली एकदाची गप्प," ती म्हणाली.

तिसरा नमुना पास झाला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, कुठल्या कंपनीचं काम केलंत खोलीचं? वहिनी म्हणाल्या, "घरचंच आहे हो." फोन ठेवल्यावर त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी नेहमीसारखी थट्टा करायला विसरलो.

पुढचे कित्येक दिवस दुपारी मिस्त्री जेवायला बसले की वहिनी खोलीत जायच्या. जेवण संपून खाली पहिला हातोडा पडला की बाहेर यायच्या. आईने तेवढ्या काळात एकदाही विचारलं नाही की गोष्ट कुठवर आली. आचाऱ्याचा विषय घरात बंद होता. पुस्तक संपलं, ग्रंथालयात गेलं, आणि यंत्रात भरून घरी आलं.

परवा दुपारी मी खाली गेलो तर आई खिडकीपाशी खुर्चीत होती. मांडीवर यंत्र. त्यातून वहिनींचा आवाज येत होता, संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्द आपल्या जागी. चिंधीचं पान केव्हाच मागे पडलं होतं. आई पुढे झुकली होती, ओठ जरासे उघडे.

वहिनी स्वयंपाकघरातून दारात आल्या. "आई, चहा टाकू का?"

आईने न वळता हात वर केला.

"शू! आचारी पाण्यात पडलाय आणि तुला चहा सुचतोय! गप्प बस जरा. किती छान वाचतेय ती, वाचू दे तिला."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग पाऊल न वाजवता त्या आत गेल्या आणि गॅस बंद केला.